पिकअपवर दोन अँटेना: शोभा किती, काम किती

माझ्याकडे १९७६ ची फोर्ड एफ-१५० आहे. रंग उडालेला, दोन्ही दारांना त्या काळचे भलेमोठे चौकोनी आरसे आणि आरशांच्या दांड्यांवर सीबी रेडिओच्या दोन लांब पांढऱ्या अँटेना. इथे ओक्लाहोमात गणपतीच्या कार्यक्रमाला ही गाडी घेऊन गेलो की पार्किंगमध्ये कोणीतरी हमखास विचारतंच, "अरे, ही शिंगं कसली? पोळ्याचा बैल आहे का?" आणि मग दुसरा प्रश्न, तोही ठरलेला, "दोन लावल्या म्हणजे रेंज डबल होते का?"

नाही होत. डबल सोडा, पिकअपवर जेमतेम काही होतं. पण हे एका वाक्यात सांगितलं की समोरचा म्हणतो मग लावल्यास कशाला, आणि तिथून अर्धा तास जातो, प्रसादाची रांग संपते. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

आधी सीबी म्हणजे काय ते पटकन. सिटिझन्स बँड, म्हणजे सामान्य माणसासाठी ठेवलेला रेडिओचा पट्टा, २७ मेगाहर्ट्झच्या आसपास. अमेरिकेत १९५८ साली तो या जागी आला, तेव्हा २३ चॅनल होते. बरीच वर्षं शेतकरी, दुकानदार, टो-ट्रकवाले असेच लोक वापरायचे. मग १९७३ च्या शेवटी अरब देशांनी तेल बंद केलं, पंपावर रांगा लागल्या, १९७४ पासून देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, आणि ट्रकवाल्यांना दोन गोष्टी कळायला हव्या होत्या, डिझेल कुठे मिळतंय आणि पोलीस कुठे लपलेत. मोबाईल नव्हता, सीबी होता. दोन-तीन वर्षांत वेड असं पसरलं की राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यासुद्धा 'फर्स्ट मामा' या टोपणनावाने हवेवर बोलायच्या. १ जानेवारी १९७७ पासून चॅनल २३ चे ४० झाले. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ताकद मात्र तेव्हाही चार वॅट आणि आजही साध्या एएमवर चारच वॅट, म्हणजे घरातल्या जुन्या झिरोच्या बल्बपेक्षाही कमी. रस्त्यावर गाडी ते गाडी पाच-सात मैल मिळाले तरी खूप झालं. आणि ताकद वाढवता येत नाही म्हटल्यावर सगळी अक्कल अँटेनात लागते, हे ओघाने आलंच.

आता लाट. ट्रकवाल्यांचा चॅनल १९, म्हणजे २७.१८५ मेगाहर्ट्झ, याची एक लाट साधारण ११ मीटर लांब. उभ्या अँटेनाला त्याच्या पाव लांबी लागते, २.७६ मीटर, म्हणजे नऊ फूट. नऊ फुटांची काठी आरशावर लावली तर पहिल्याच पुलाखाली मोडेल, म्हणून तीन-चार फुटांच्या फायबरग्लासच्या दांडीवर तांब्याची तार गुंडाळून अँटेना 'फसवतात', तिला वाटतं आपण नऊ फुटी आहोत. फसवणुकीची किंमत थोडी ताकद जाऊन मोजावी लागते, ते असो.

मग दोन का? उत्तर माझ्या पिकअपमध्ये नाही, अठरा चाकी ट्रकमध्ये आहे. ट्रकच्या मागे काय असतं? तेरा-साडेतेरा फूट उंच पत्र्याचा डबा. ड्रायव्हरच्या आरशावर एकच अँटेना लावली तर उजव्या बाजूला केबिन आणि डबा मध्ये येतो, त्या बाजूला सावली पडते. दोन्ही आरशांवर एकेक लावली की एकीची सावली दुसरी भरून काढते. हे पहिलं कारण, आणि माझ्या मते हेच खरं कारण.

दुसरं कारण लाटांच्या खेळाचं. शांत विहिरीत दोन खडे एकाच क्षणी टाका, एकमेकांपासून थोडे लांब. दोन्हीकडून गोल गोल लाटा निघतात. दोन खड्यांच्या बरोबर मधून, आडव्या दिशेने जी रेघ जाते तिच्यावर दोन्ही लाटा एकाच वेळी पोचतात, चढ चढावर पडतो, पाणी जास्त उसळतं. पण खड्यांच्या ओळीतच बाजूला गेलात तर एक लाट जवळून येते, एक लांबून, चढ आणि उतार एकमेकांत अडकतात, पाणी मंद. आता खड्यांच्या जागी दोन आरसे ठेवा. दोन्ही अँटेनांना एकाच वेळी सिग्नल दिला तर जास्त जोर गाडीच्या पुढे आणि मागे, म्हणजे रस्त्याच्या दिशेने, आणि बाजूच्या शेतात कमी. ट्रकवाल्याला शेतातल्या गाईंशी बोलायचं नसतं, त्याला पुढचा आणि मागचा ट्रक पाहिजे. कल्पना एकदम सुंदर आहे.

गंमत अंतरात आहे. बाजूला पूर्ण शांतता हवी असेल तर दोन अँटेनांत अर्धी लाट अंतर लागतं, १८ फूट. कुठल्याच गाडीची एवढी रुंदी नसते. नऊ फूट, म्हणजे पाव लाट मिळाली तर बाजूला तीन डेसिबल कमी होतात, म्हणजे ताकद निम्मी. ट्रकचे आरसे साधारण त्याच्या जवळपास जातात, म्हणून ट्रकवर थोडा तरी अर्थ आहे. माझ्या फोर्डचे आरसे टेपने मोजले, अँटेना ते अँटेना सव्वासात फूट. गणित करून बघितलं तर बाजूला दोन डेसिबलसुद्धा कमी होत नाहीत, आणि पुढे-मागे जास्तीचा फायदा एका डेसिबलच्या आतबाहेर. रेडिओच्या मीटरवर एक खूण म्हणजे सहा डेसिबल धरतात, तेव्हा तुम्हीच ठरवा सुई किती हलेल. डोळ्यांनी दिसणारही नाही.

आमच्या शेजारी एक म्हातारबा राहतात, तीस वर्षं ट्रक चालवून रिटायर झालेले. त्यांना मी हे गणित कागदावर दाखवलं तर ते मोठ्याने हसले, म्हणाले त्या काळी निम्म्या पिकअपवरची दुसरी अँटेना खोटीच असायची, तारच जोडलेली नसायची, नुसती जोडी दिसायला बरी म्हणून! निम्म्या की किती ते त्यांनाच माहीत, पण आकाराने जोडीसारखीच दिसणारी नुसती शोभेची दांडी विकत मिळायची हे खरं.

तर मग मी दोन्ही खऱ्या का जोडल्या? कारण एकाच आरशावरच्या अँटेनाला केबिनची सावली पिकअपवरही पडते, आणि दुसरं म्हणजे हौस. नुसती रेंज पाहिजे असेल तर छताच्या बरोबर मध्यभागी एकच चांगली अँटेना लावा, चारी बाजूंनी सारखी चालते, जोडीपेक्षा बरीच निघेल. (२०१५ पासूनची एफ-१५० असेल तर चुंबकवाली घेऊ नका, त्या गाडीची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे, चिकटणारच नाही. एकाने घेतली होती, मग घरच्या फ्रिजवर लावून ठेवली.)

पण जोडी लावायचीच ठरली तर सगळ्यात जास्त घोळ होतो तो केबलमध्ये, आणि हे कळायला मला एक केबल वाया घालवावी लागली.

रेडिओच्या मागे एकच सॉकेट असतं आणि त्याला समोर ५० ओहमचा अडथळा बघायची सवय असते. एक अँटेना साधारण ५० ओहमची. दोन अँटेना सरळ टी लावून जोडल्या तर काय होतं? एका नळाला दोन पाईप लावले की पाण्याला वाट दुप्पट आणि अडथळा निम्मा, तसं ५० चे २५ होतात. रेडिओला ते पसंत पडत नाही, काही सिग्नल अँटेनात न जाता परत फिरतो. हा परतावा किती ते मोजणारा आकडा म्हणजे एसडब्ल्यूआर. १ म्हणजे उत्तम, दीडपर्यंत छान, २ म्हणजे चालवून घ्या, ३ च्या वर गेला तर बोलायचं बटण सोडा आणि आधी बिघाड शोधा, नाहीतर सेटच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरचा जीव जातो.

यावर उपाय म्हणजे को-फेज हार्नेस. एकच प्लग आणि त्यातून निघालेल्या दोन सारख्या लांबीच्या केबल, पण या केबल नेहमीच्या ५० ओहमच्या नसतात, ७५ ओहमच्या असतात, आरजी-५९ जातीच्या, जुन्या टीव्हीच्या केबलच्या नात्यातल्या. ७५ ओहमची केबल बरोबर पाव लाट लांब असेल तर ती एका टोकाचा अडथळा दुसऱ्या टोकाला बदलून दाखवते. हिशोब सोपा आहे, ७५ गुणिले ७५ भागिले ५०, म्हणजे ११२.५. अशा दोन केबल एकत्र आल्या की निम्मे, ५६.२५. पन्नासच्या इतकं जवळ की रेडिओ खूश. ज्याने कोणी हे पहिल्यांदा केलं त्याच्या पाया पडावं असं मला वाटतं, ना कुठला बॉक्स ना बटण, नुसत्या केबलच्या लांबीने काम.

आता ही लांबी किती? हवेतली पाव लाट २.७६ मीटर, पण या केबलच्या आत सिग्नल हळू चालतो, हवेच्या साधारण ६६ टक्के वेगाने, म्हणून आतली पाव लाट आखूड, १.८२ मीटर, सहा फूट. सहा फुटांत आरशापासून दारातून आत येऊन डॅशबोर्डच्या मध्यापर्यंत पोचणं अवघड. मग पुढची चालणारी लांबी कोणती? अर्धी नाही, पाऊण. पाऊण लाटेची केबल पाव लाटेसारखीच वागते. सहा त्रिक अठरा. म्हणून या हार्नेसच्या केबल अठरा-अठरा फुटांच्या असतात, कंपनीने उगाच लांब दिलेल्या नाहीत.

मला हे तेव्हा माहीत नव्हतं. अठरा फूट केबल दोन्ही बाजूंनी आली, सीटमागे हा एवढा गुंता झाला, आणि मला पसारा आवडत नाही. मी दोन्ही केबल अगदी मापात कापल्या, प्रत्येकी बारा फूट, नवीन प्लग लावले, टाय मारून छान बांधून टाकल्या. बारा फूट! म्हणजे केबलच्या आतली बरोबर अर्धी लाट. आणि अर्ध्या लाटेची केबल काही बदलत नाही, एका टोकाला ५० असतील तर दुसऱ्या टोकाला ५० च दाखवते, म्हणजे दोन मिळून पुन्हा २५. अक्ख्या लांबीत जी एक जागा कापायला नको होती नेमकी तिथेच कापली होती. एसडब्ल्यूआरचा मीटर २ च्या वर अडकून बसला, मी दोन शनिवार अँटेना वरखाली करत राहिलो, आणि शेवटी म्हातारबांनी दारातून डोकावून विचारलं, "केबल कापलीस का?" चेहरा बघूनच त्यांना उत्तर कळलं.

नवीन हार्नेस आणला. उरलेली केबल सीटमागे सैल, लांबट आठच्या आकड्यासारखी टाकलीय, घट्ट वेटोळी करू नका. आणि दोन्ही बाजू सारख्याच लांबीच्या ठेवा, एका बाजूची कमी-जास्त केली की दोन खडे एकाच क्षणी पाण्यात पडत नाहीत, सगळा आकार बाजूला कलतो.

हे झालं कुठल्याही जोडीचं. पण माझी जोडी जुनी, सत्तरच्या दशकातली, आणि जुन्या मालाची स्वतःची दुखणी असतात. फ्ली मार्केटमध्ये २५ डॉलरला घेतली, घासाघीस न करता, कारण विकणाऱ्याने स्वतःच सांगितलं की एक चालते, दुसरीचं देव जाणे. घरी येऊन हात लावला तर तळव्यात बारीक बारीक कुसं घुसली, निवडुंगाला हात लावल्यासारखी. उन्हाने वरचं कोटिंग जाऊन फायबरग्लासचे तंतू उघडे पडले होते. हातमोजे आणि मास्क घालून बारीक सँडपेपरने, ओलं करून घासायचं, खाली तार आहे तिला धक्का लागू द्यायचा नाही, मग वरून हीट-श्रिंकची नळी चढवायची. ड्रायर फिरवला की ती हळूहळू आवळत जाते आणि तारेचे वेढे तिच्यावर पुन्हा उमटून येतात, बघायला फार छान वाटतं.

त्याआधी मल्टिमीटर. दांडीच्या खालच्या पितळी टोकापासून वरच्या टोकापर्यंत तार सलग आहे का बघायचं. माझ्या एका अँटेनात सुई हललीच नाही. टोकाजवळ टोपीखाली पाणी जाऊन तार हिरवी पडून तुटली होती, इंचभर खरवडून सोल्डर केली, जमलं. एक सावधगिरी, काही जुन्या अँटेना, विशेषतः खाली डबीसारखी कॉइल असणाऱ्या, मीटरला सरळ शॉर्ट दाखवतात. तो बिघाड नसतो, त्या बनवल्याच तशा आहेत, फेकून देऊ नका. जुनी केबल मात्र बिनधास्त फेका, बाहेरून चकचकीत दिसली तरी आतली जाळी काळी-हिरवी झालेली असते.

आणि आता तो २३ आणि ४० चा आकडा. १९७७ च्या आधीची अँटेना २३ चॅनलसाठी जुळवलेली असते, म्हणजे २६.९६५ पासून २७.२५५ पर्यंत. आजचा सेट २७.४०५ पर्यंत जातो. म्हणून जुनी जोडी चॅनल १ वर झकास आणि ४० वर रुसलेली असू शकते, आणि लोक म्हणतात जुनी अँटेना खराब आहे. खराब नाही हो, तिला बिचारीला त्यावरचे चॅनल माहीतच नाहीत. माझं एसडब्ल्यूआरचं पहिलं मोजमाप होतं चॅनल १ वर १.३, १९ वर १.४, ४० वर २.२. वरच्या चॅनलला आकडा जास्त म्हणजे अँटेना लांब आहे, खालच्या चॅनलला जास्त म्हणजे आखूड. मग दोन्ही अँटेनांची टोकाची काडी सारखीच, दोन-तीन मिलीमीटर आत सरकवायची आणि पुन्हा मोजायचं. एकीचीच सरकवून आकडा सुधारला म्हणून खूश होऊ नका, जोडी बिघडली की पुन्हा तेच, सगळा आकार कलतो. मोकळ्या मैदानात, दारं लावून, माणसं लांब उभी करून मोजायचं, गॅरेजमध्ये मोजलेला आकडा निव्वळ खोटा. शेवटी माझं १.६, १.३, १.७ वर जमलं आणि मी हात लावणं थांबवलं. काडी कापायची वेळ आली तर चिमटी-चिमटीने कापा, कापलेली परत वाढत नाही, केबल कापून मला जे सुचलं ते तुम्हाला फुकट सांगतोय.

अर्थिंगबद्दल वेगळा लेख होईल, पण थोडं सांगायलाच हवं, कारण खरं तर अँटेना एक की दोन यापेक्षा ते महत्त्वाचं आहे. उभी अँटेना हे अर्धंच यंत्र असतं, उरलेलं अर्धं म्हणजे गाडीचा पत्रा. आरसा दारावर, दार बिजागरीवर, बिजागरीत पन्नास वर्षांचं ग्रीस आणि गंज, वर तीन थर रंग, म्हणजे आरशाची दांडी पत्र्याशी नावालाच जोडलेली. मी दांडीच्या बुडाचा रंग खरवडला आणि तिथून दाराच्या फटीतून तांब्याची चपटी विणलेली पट्टी बॉडीला, आणि अशाच पट्ट्या केबिन ते चेसिस, मागचा हौदा ते चेसिस. पिकअपचा हौदा आणि केबिन हे दोन वेगळे डबे रबरावर बसवलेले असतात हे बरेच जण विसरतात. एवढं केल्यावर इंजिनाची किरकिरही कमी झाली, ती बक्षिसीत.

आणि तो नायलॉनचा वॉशर! अँटेनाच्या बोल्टला पत्र्यापासून वेगळं ठेवणारा, खांदा असलेला, नखाएवढा पांढरा वॉशर. उलटा बसला किंवा तडकला की मधली तार सरळ बॉडीला टेकते आणि मीटरची सुई टोकाला जाऊन आपटते. पन्नास वर्षं जुनं प्लास्टिक असतं ते, जुना वापरूच नका.

कऱ्हाडहून धाकट्या भावाने फोटो बघितला आणि लगेच म्हणाला, "दादा, येताना एक सेट आण, बोलेरो पिकअपवर लावतो." त्याला सांगितलं तेच इथे सांगतो. भारतात २००५ पासून २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात पाच वॅटपर्यंतच्या छोट्या सेटला लायसन्स लागत नाही. पण अमेरिकन सेटचे पहिले २७ चॅनलच या पट्ट्यात बसतात, २८ वा २७.२८५ वर आहे, केसभर बाहेर. शिवाय नियमांत बाकीच्या अटीही आहेत, त्या वाचल्याशिवाय बॅगेत टाकून न्यायची ही वस्तू नाही, आणि हौसच असेल तर परीक्षा देऊन हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स काढावं, त्यात जास्त मजा आहे. भाऊ म्हणाला बरं, मग नुसत्या अँटेनाच आण, शोभेला.

जोडी जमल्यावर पहिल्यांदा आय-४४ हायवेवर गेलो. चॅनल १९ वर बराच वेळ नुसती खरखर, मग मी घसा साफ करून रेडिओ चेक मागितला, आणि लगेच एक जाडा आवाज आला, "मोठ्याने आणि स्वच्छ ऐकू येतोय, कुठे आहेस?" मी सांगितलं. तो माझ्याच मागे होता, तीन गाड्या सोडून. तिथून तर वायर जोडली नसती तरी ऐकू गेलं असतं! पण मी खूश होतो, आणि त्याच खुशीत परत येताना ड्राइव्ह-थ्रूत शिरलो. उंची दाखवणारी ती लटकती दांडी मला दिसली, माझ्या अँटेनांना नाही दिसली. टण्ण करून आवाज आला, डावी अँटेना मागे वाकून स्प्रिंगवर परत उभी राहिली आणि खिडकीतली मुलगी कॉफी हातात धरून बघतच राहिली. काही मोडलं नाही. पण आता कॉफी आणायला बायकोची गाडी नेतो.